रेडिएटर बदलल्यापासून गाडी सारखी हवा धरते? सकाळी बाटली आणि रेडिएटर दोन्ही बघा

रेडिएटर नवा, वरचा-खालचा होज पाइप नवा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नवं. तरीही केरी मागे टाकून चोर्ला घाट चढायला लागलं की थोड्याच वळणांत तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकायचा. गाडी बाजूला घेऊन थांबलं की डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ आवाज, दहा मिनिटांत काटा पुन्हा जागेवर, आणि पुढच्या चढावर परत तेच. घरी येऊन कूलंटमध्ये अडकलेली हवा काढली की दोन दिवस सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे.

आत्या बेळगावला राहते, त्यामुळे डिचोली–साखळी–केरी–चोर्ला–जांबोटी हा रस्ता माझ्या गाडीला महिन्यातून दोनदा तरी असतोच. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मी चार वेळा हवा काढली. पहिल्या तीन वेळा नुसती काढत होतो. ती येते कुठून, हे चौथ्या वेळी शोधलं. रेडिएटर बदलल्यानंतर ज्यांची गाडी असाच त्रास देते आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो आहे, कारण इकडे दुर्लक्ष झालं तर हेड (इंजिनचा सिलिंडरांवरचा भाग) वाकतं आणि काही रुपयांच्या नळीचं काम हजारोंवर जातं.

गाडी बारा वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. झाकण थेट रेडिएटरवर आणि बाजूला प्लॅस्टिकची कूलंट बाटली, ही जुनी साधी रचना. जुन्या रेडिएटरच्या जाळीत खाणपट्ट्यातली लाल धूळ वर्षानुवर्षं बसलेली होती, आणि शेवटी खालच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यातून झिरपायला लागलं. गॅरेजमध्ये नवा बसवला. तिथे कूलंट भरून पाच मिनिटं रेस दिली, झाकण लावलं आणि गाडी हातात दिली. पाच मिनिटांत हवा निघत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका. ज्या झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं ते आत बाहेरच्यापेक्षा ०.९ बार जास्त दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि शंभराच्या वर गेलेलं पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. वरचा होज पाइप हाताला गार लागतो आहे आणि दाबल्यावर मऊ लागतो आहे, एवढी खात्री झाल्याशिवाय झाकणाला हात नको. घाटात काटा चढला तर इंजिन बंद करून वाट बघा, गरज पडली तर तासभर.

हवा राहिली आहे की शिरते आहे

सगळा घोळ इथेच होतो. रेडिएटर बदलताना पाणी काढलं की इंजिनच्या आत, हेडमध्ये आणि हीटरच्या छोट्या जाळीत हवा भरते. ती नीट काढली नाही तर आत अडकून राहते. ही झाली राहिलेली हवा. एकदा निघाली की निघाली, परत यायचं कारण नाही. पण हवा दर दोन-तीन दिवसांनी परत येत असेल तर ती राहिलेली नाही, कुठून तरी आत शिरते आहे. मग कितीही वेळा काढा, गाडी पुन्हा धरणारच.

दोन्हींची लक्षणं मात्र सारखीच दिसतात. उष्णता वाहून नेण्यात हवा पाण्यापेक्षा वीसेक पट कमी पडते. हेडमध्ये हवेचा फुगा अडकला की तेवढ्या जागेचं धातू तापतच राहतं. तापमानाचा सेन्सर फुग्यात आला तर तो खरं तापमान सांगत नाही, त्यामुळे इंजिन तापलेलं असूनही फॅन सुरू होत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. त्याच्या आतलं मेण पाण्याच्या उष्णतेने वितळून व्हॉल्व्ह उघडतं. त्याच्याखाली हवा असेल तर ते उशिरा उघडतं, म्हणून काटा एकदम चढतो आणि मग धाडकन खाली येतो. काट्याचं हे वर-खाली होणं, डॅशबोर्डमागचा आवाज, हीटर लावला तरी गार हवा, वरचा पाइप कढत आणि खालचा गार: यातलं काहीही दिसलं तरी आधी हवेचाच संशय घ्या.

हे ओळखायला सकाळ लागते, दुसरं काही नाही. रात्रभर गार झालेल्या गाडीचं बॉनेट उघडा आणि दोन ठिकाणी बघा: रेडिएटरच्या तोंडात आणि बाटलीत.

रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला आणि बाटली कालच्याच खुणेवर, म्हणजे सगळं ठीक.

दोन्ही खाली गेलेले, म्हणजे कूलंट कुठेतरी बाहेर गळतं आहे किंवा सिलिंडरमध्ये जळतं आहे.

रेडिएटर खाली आणि बाटली मात्र कालच्यापेक्षा वर, हे तिसरं चित्र. माझ्याकडे हेच होतं आणि दहा दिवस मी ते बघितलंच नाही. मी फक्त रेडिएटर बघून वरून भरत होतो. त्यामागचं कारण पुढे सांगतो, कारण आधी राहिलेली हवा नीट काढून घेतल्याशिवाय हे सकाळचं चित्र खरं बोलत नाही.

हवा काढताना

घरासमोर रस्त्यावरून अंगणात उतरायला घाटी आहे, आणि गाडी रोज नाक खाली करून उभी असते. पहिल्यांदा घरी हवा काढली ती तशाच उभ्या गाडीत. आता विचार करा: हवा सर्वांत उंच जागी जाऊन बसते. नाक खाली म्हणजे रेडिएटरचं तोंड खाली आणि हीटरची जाळी वर. तासभर इंजिन चालवलं तरी हवेने झाकणाकडे यावं कशासाठी? गोव्यात लाल चिऱ्याच्या उतारावर बांधलेली घरं कमी नाहीत, त्यामुळे ही चूक अनेकांच्या हातून होत असणार.

गाडी अशी उभी करा की रेडिएटरचं तोंड सगळ्या यंत्रणेत उंच राहील. मी अंगणातून गाडी बाहेर काढून त्याच घाटीवर उलट्या दिशेने, नाक वर करून लावली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या दोन्ही चाकांमागे दगड लावले. घाटी नसेल तर पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवता येते, पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. इंजिन बराच वेळ चालणार, म्हणून हे काम उघड्यावर करायचं. पावसाळ्यात बंद शेडमध्ये दार लावून करू नका, धुराने माणूस गुदमरतो.

दुसरी गोष्ट हीटर. आपल्याकडे हीटर लावतो कोण? कित्येक गाड्यांत ती मूठ निळ्या टोकावरून कधी हललेलीच नसते. काही गाड्यांत हीटरच्या पाण्याला वेगळा व्हॉल्व्ह असतो आणि मूठ लालकडे नेल्याशिवाय जाळीत पाणी फिरतच नाही. मग आतली हवा तिथेच कोंडून राहते आणि पुढच्या चढावर सुटून इंजिनात येते. काही गाड्यांत जाळीतून पाणी कायम फिरतं आणि मूठ फक्त हवेचा पडदा हलवते. आपली कुठली, हे माहीत नसेल तर मूठ लालकडे नेऊन ठेवा, नुकसान काहीच नाही. पंखा सर्वांत कमी वेगावर, एसी बंद. माझ्या गाडीत मूठ फिरत होती पण तिची केबल इतक्या वर्षांत जाम झालेली होती आणि व्हॉल्व्ह अर्ध्यावरच अडकला होता. ग्लव्ह बॉक्स काढून केबल हाताने हलवली, तेल दिलं, तेव्हा तो पूर्ण उघडला. गोव्यातल्या गाडीत हे एकदा तपासून घ्याच.

तिसरी गोष्ट माप. जुनं कूलंट काढताना ते बादलीत धरा आणि किती निघालं ते मोजा. नवं भरतानाही मोजा. तीन लिटर निघालं आणि सव्वादोनच आत गेलं, तर पाऊण लिटरची जागा हवेने धरली आहे, यात अंदाज बांधायचं काही उरत नाही. गॅरेजला काम दिलं असेल तर हे दोन आकडे विचारून घ्या. मी विचारले नव्हते.

आता भरणं. हळू भरा, अगदी बारीक धार धरून. भसकन ओतलं तर पाणी खाली जाताना वर येणाऱ्या हवेची वाट अडवतं. थर्मोस्टॅटच्या चकतीत एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. भरताना हवा त्या भोकातून सुटते. कोणी थर्मोस्टॅटही बदलला असेल तर ती पिन वरच्या बाजूला आली आहे ना, हे बघा. खाली बसवली तर भोक पाण्यात बुडतं आणि हवा मागेच राहते. काही गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असतो. तो असेल तर भरताना सैल ठेवा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. बऱ्याच ठिकाणी तो प्लॅस्टिकचा असतो, पान्याने आवळू नका, तुटतो.

पातळी तोंडापर्यंत येऊन स्थिर झाली की वरचा होज पाइप हाताने आठ-दहा वेळा दाबा. पाच-सहा मोठे बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत भरा. इंजिन सुरू करायच्या आधीच यात बरीच हवा निघते, आणि हे करायला फारसं कोणी थांबत नाही.

मग तोंडात नरसाळं बसवून इंजिन सुरू करा. पाण्याची रिकामी बाटली कापून नरसाळं करतात, ते मात्र करू नका. ती बाटली सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडते आणि इथे तापमान नव्वदला जाणार आहे. मी स्टीलचं नरसाळं घेतलं, त्याच्या नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि तोंडात घट्ट बसवलं. नरसाळ्यात चार बोटं कूलंट ठेवा, म्हणजे ते उंचावर राहून आत दाब देतं आणि निघालेल्या हवेच्या जागी लगेच कूलंट उतरतं.

सुरुवातीला बारीक बुडबुडे येत राहतील. घाई नको, रेस नको, इंजिन स्लोवर चालू द्या. गाडीप्रमाणे दहा-पंधरा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ८२ अंशांच्या जवळपास उघडायला लागतो. ती वेळ स्वतःच कळते: नरसाळ्यातलं कूलंट घोट घेतल्यासारखं एकदम खाली जातं आणि पाठोपाठ मोठे बुडबुडे येतात. या क्षणी शेजारी भरायला कूलंट तयार हवं. मग रेस दोन-अडीच हजारांवर अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. मध्येमध्ये फडकं गुंडाळून वरचा पाइप दाबत राहा. फॅन दोन वेळा आपोआप सुरू होऊन बंद व्हायला हवा, आणि हीटरमधून सलग कढत हवा यायला हवी. हीटरची हवा गार-गरम-गार होत असेल तर अजून काम बाकी आहे.

फॅनजवळ हात, ओढणी, सैल बाह्या नेऊ नका. विजेवर चालणारा फॅन काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही सुरू होतो.

या पद्धतीने माझ्या गाडीत आणखी चारशे मिली कूलंट गेलं. म्हणजे गॅरेजमधून आल्यापासून आणि माझ्या अंगणातल्या पहिल्या दोन प्रयत्नांनंतरही जवळपास अर्धा लिटर हवा आतच होती. त्या रात्री इंजिन गार होऊ दिलं, सकाळी झाकण उघडलं, तर पातळी आणखी पन्नासेक मिली खाली होती. पहिल्या एक-दोन सकाळी एवढं चालतं, उरलेले बारीक बुडबुडे वर येऊन बसलेले असतात. तिसऱ्या सकाळपासून शून्य व्हायला हवं.

माझ्याकडे तिसऱ्या सकाळी दीडशे मिली कमी होतं. चौथ्या सकाळीही दीडशेच.

परत आली तेव्हा

साखळीकडे जाताना रस्त्याकडेला एका वयस्क मेस्त्रींचं छोटं गॅरेज लागतं. बाबा त्यांच्याकडेच स्कूटर नेत. त्यांना सगळं सांगितलं: उतार, हीटर, फॅन दोनदा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"बाटली बघितलीस?"

"भरलेली आहे, मेस्त्री. उलट फुलच्या वरच आहे."

"मग पाणी गेलंय कुठे? बाटलीतच आहे ते. परत येत नाहीये, एवढंच. बाबा, गाडी श्वास सोडते, पण परत घेताना भलतीकडून घेते."

मग त्यांनी हिशेब मांडला. आत जवळपास चार लिटर कूलंट आहे. तीस अंशांवरून नव्वदला गेलं की ते फुगतं आणि सव्वाशे ते दीडशे मिली जास्त जागा मागतं. ते जास्तीचं कूलंट झाकणाची स्प्रिंग उचलून बारीक नळीतून बाटलीत जातं. रात्री गार झालं की आत ओढ तयार होते, झाकणाच्या मधली छोटी चकती उघडते आणि तेवढंच कूलंट बाटलीतून परत रेडिएटरमध्ये यायला हवं. माझ्या गाडीत सकाळी कमी भरत होतं ते दीडशे मिली, म्हणजे बरोबर एका दिवसाचं फुगणं. जाणं नीट चाललं होतं, येताना कूलंटच्या जागी हवा येत होती. मी ती जागा रोज नव्या कूलंटने भरत होतो, म्हणून बाटली रोज चढत होती. न भरता गाडी काढली की तीच हवा पाण्याबरोबर घुसळत हेडमध्ये आणि हीटरमध्ये जायची, आणि घाटात काटा चढायचा.

हवा शिरायला जागा फार नसतात, म्हणून त्या एकामागून एक तपासता येतात.

पहिली जागा झाकण. उलटं करून बघा. मधली छोटी चकती नखाने हलकेच ओढली की उघडायला हवी आणि सोडली की स्प्रिंगसारखी परत बसायला हवी. ती चिकटली असेल तर रात्री आत ओढ वाढत जाते आणि सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. खालचं मोठं रबर दाब धरतं, हे सगळे बघतात. पण झाकणाला वरच्या बाजूलाही एक पातळ रबर असतं, आणि कूलंट परत येताना बाहेरची हवा अडवण्याचं काम तेच करतं. ते चिरलं असेल तर दाब नीट राहतो, गळती दिसत नाही, आणि तरीही रोज हवा शिरते. नव्या रेडिएटरवर जुनं झाकण लावलं असेल तर दोन्हींच्या तोंडाची खोली सारखी आहे का, हेही बघा. एक-दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरतो. माझं झाकण नवं होतं, चकती चालत होती, वरचं रबर शाबूत होतं.

दुसरी जागा बाटलीच्या आत. झाकणापासून खाली उतरणारी नळी तळापर्यंत पोचायला हवी. ती निसटून पडली असेल किंवा बाटलीतली पातळी तिच्या टोकाच्या खाली गेली असेल तर ओढली जाते ती हवाच. म्हणून बाटली गार असताना लो आणि फुलच्या मध्ये ठेवायची. माझ्याकडे इथेही काही चूक नव्हती.

तिसरी जागा ती बारीक नळी, आणि चोर तिथेच होता. रेडिएटर नवा आला, दोन्ही मोठे पाइप नवे आले, पण ही हातभर नळी जुनीच लावली होती. बारा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालेलं. त्यात नव्या रेडिएटरची तोटी जुन्यापेक्षा किंचित बारीक होती. नळी तिच्यावर बसली होती, पण दोन बोटांनी फिरवली तर सहज फिरत होती. क्लिप नव्हतीच. तोटीखाली वाळलेल्या कूलंटचा हिरवट पापुद्रा होता, नखाएवढा. तो मी आधीही पाहिला होता आणि भरताना सांडलेलं असेल म्हणून पुसला होता. कृपा करून असे डाग पुसण्याआधी त्यांचा माग काढा.

नळी तपासायची असेल तर तोंडाने ओढू नका, कूलंट विषारी असतं. एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावा आणि नळी बादलीतल्या पाण्यात बुडवा. चीर असेल तर बुडबुडे येतात. माझ्या नळीला मधल्या वाकणातही एक बारीक चीर निघाली, जी वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती.

नव्या तोटीच्या मापाची नवी नळी आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या क्लिपा, एवढंच काम. नळीचं माप घेताना जुनी नळी नेऊ नका, ती पसरलेली असते. नव्या रेडिएटरची तोटी कॅलिपरने मोजून न्या.

चौथी जागा खालचा होज पाइप आणि वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, आधीचे सांधे. पंप तिथून ओढतो, त्यामुळे सांधा किंचित सैल असला तर इंजिन जोरात फिरताना तो पाणी न गाळता हवा ओढू शकतो. जुबली क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) पाइपच्या टोकाला फार जवळ किंवा तोटीच्या उंचवट्यावरच आवळली असेल तर असं होतं. क्लिप उंचवट्याच्या मागे बसायला हवी.

झाकण बाटलीवर असेल तर

बऱ्याच नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं. दाबाचं झाकण बाटलीवर असतं आणि बाटली स्वतःच दाबाखाली असते. तिथे वर सांगितलेलं श्वासाचं गणित लागू होत नाही. तिथे बघायची ती परतीची बारीक नळी, जी रेडिएटरच्या किंवा हेडच्या वरच्या टोकातून हवा बाटलीत आणून सोडते. गार इंजिन सुरू करून बाटलीत बघा, त्या नळीतून बारीक धार यायला हवी. काही गाड्यांत इंजिन थोडं तापल्यावर येते. अजिबातच येत नसेल तर तोटी गाळाने बुजलेली असते. नवा रेडिएटर बसवताना त्या तोटीत कारखान्यातलं प्लॅस्टिकचं बूच तसंच राहून जाऊ शकतं, तेही बघा. काही गाड्यांत निर्वातावर कूलंट ओढून घेणारं यंत्र लावणं हाच खात्रीचा मार्ग असतो, आणि तसं यंत्र असलेलं गॅरेज शोधणं घरी चार रविवार घालवण्यापेक्षा बरं.

बुडबुडे थांबतच नसतील तर

हे सगळं करूनही हवा येत असेल तर ती कदाचित हवा नाहीच, सिलिंडरमधला वायू आहे. रेडिएटर गळायला लागल्यावर गाडी एकदा जरी लाल रेषेपर्यंत तापली असेल तर हेड गॅसकेटला (हेड आणि इंजिन यांच्या मधल्या पातळ पत्र्याला) इजा झालेली असू शकते. मग दोष नव्या रेडिएटरवर येतो आणि खरं दुखणं दुसरीकडेच असतं.

रात्रभर गार झालेल्या इंजिनवर झाकण उघडं ठेवून सेल्फ मारा. पहिल्या काही सेकंदांपासूनच, पाणी अजून गार असताना, एका लयीत बुडबुडे येत असतील तर संशय पक्का धरा. झाकण लावून सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, तरी तोच अर्थ. पाणी तापायच्या आधी एवढा दाब उष्णतेने येत नाही. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढतात, आणि जळलेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. काही मिनिटांचं काम आहे. हेड उतरवायचा निर्णय घेण्याआधी ती करून घ्यायचा आग्रह धरा. आणि ती खरी ठरली तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

राहिलेल्या दोन गोष्टी. रेडिएटर बदलताना फॅनचा कपलर (वायरचा जोड) काढतात, तो परत लावलाय ना हे बघा. आणि पातळी भरायला विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको. आपल्या विहिरींच्या पाण्यातलं लोह आणि क्षार नव्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांत थर धरतात. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर निम्मं कूलंट आणि निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी. रंग सारखा दिसतो म्हणून दोन वेगवेगळी कूलंटं एकत्र करू नका, रंगावरून जात कळत नाही. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका. ते चवीला गोड असतं, अंगणातली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. बादलीतलं जुनंही उघडं ठेवू नका.

नवी नळी लावल्यावर मी घाटीवर नाक वर करून पुन्हा एकदा हवा काढली, बाटलीवर मार्करने रेघ मारली आणि आठ दिवस सकाळी दोन्ही ठिकाणी बघितलं. रेडिएटर रोज तोंडापर्यंत. मग एका शनिवारी बेळगावला निघालो. घाट चढताना काटा मध्यावरून हलला नाही. जांबोटीला चहासाठी थांबलो तेव्हा झाकणाला हात न लावता नुसती बाटली बघितली. कूलंट रेघेच्या दोन बोटं वर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात पुन्हा बघितलं, तर ते रेघेवर परत आलं होतं.